जे नोंदीत नाही ते सापडत नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयातील एम. ए.ची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिला आंबेडकरी जलशांवर लघुप्रबंध लिहायचा होता. ग्रंथालयातल्या संगणकावर तिने ‘जलसा’ हा शब्द घालून पाहिला आणि पडद्यावर उत्तर आले : शून्य नोंदी. ‘सर, आपल्याकडे यावर काहीच नाही. विषय बदलू का?’ असे ती विचारत होती. मी तिला घेऊन ग्रंथालयात गेलो. ज्या टेबलावर तो संगणक आहे, त्याच्या मागच्याच कपाटात, अगदी खालच्या खणात, सुतळीने बांधलेला एक गठ्ठा होता. जवळच्या वस्तीतील एका वृद्ध कार्यकर्त्याने मरणापूर्वी आपली लोखंडी पेटी ग्रंथालयाला दिली होती. तिच्यातला हा ऐवज : जलशांची गाणी, वग, परिषदांचे अहवाल, जयंती मंडळांच्या स्मरणिका. एकूण एकेचाळीस पुस्तिका. दाखल नोंदवहीत या सगळ्यांना मिळून एकच ओळ होती : ‘पुस्तिका, मराठी, संकीर्ण, नग ४१.’ संगणकात तर ती ओळही उतरलेली नव्हती.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. आमच्या ग्रंथपालांची नेमणूक दरवर्षी अकरा महिन्यांची असते. मूल्यमापन समिती यायच्या आधी सगळी पुस्तके संगणकात घालून व्हावीत, असा वरून तगादा होता. जाड बांधणीची, किंमत छापलेली पुस्तके आधी गेली. ज्यांना कणा नाही, ज्यांच्यावर किंमत ‘दोन आणे’ अशी आहे, त्या पुस्तिका मागे राहिल्या. त्या कोणी जाळल्या नाहीत, लपवल्या नाहीत. त्या नोंदल्या गेल्या नाहीत, एवढेच. पण त्या मुलीच्या दृष्टीने त्या अस्तित्वातच नव्हत्या आणि तिने विषय बदलला असता तर पुढच्या संशोधकांच्या दृष्टीनेही त्या नसत्या.

ज्या घरात माझ्या आधी कोणी पदवी घेतली नाही, त्या घरातून मी आलो. महाविद्यालयात पहिल्यांदा गेलो तेव्हा ग्रंथालयाच्या दाराशी तालिकापत्रांचे लाकडी खण होते. ते कशासाठी असतात हे विचारण्याचे धाडस मला दोन वर्षे झाले नाही. आज ते खण गेले आणि त्यांच्या जागी संगणक आला. न विचारणारा विद्यार्थी मात्र तसाच उभा आहे. म्हणून ग्रंथालयाची ही नवी यंत्रणा काय आहे, ती कशी चालते आणि आपल्या चळवळीचा तिच्याशी काय संबंध आहे, हे येथे सांगण्याचा प्रयत्न करतो. हा विषय ग्रंथपालांचा आहे असे समजून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी तो बाजूला ठेवला, तर आपलेच नुकसान आहे.

१. यंत्रणा म्हणजे काय?

दाखल नोंदवही, तालिका, देवघेवीची वही आणि नियतकालिकांची वही ही पूर्वी वेगवेगळी असत. ती सगळी एका ठिकाणी बांधली म्हणजे ग्रंथालयाची संगणक-प्रणाली होते. आपल्याकडील महाविद्यालयांत गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ने केलेली ‘सोल’, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आणि ‘कोहा’ या प्रणाली प्रामुख्याने दिसतात.

यांपैकी ‘कोहा’ची हकिगत आपण जाणून घ्यावी अशी आहे. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ या छोट्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना १९९९ साली अडचण आली. त्यांची जुनी प्रणाली २००० साल उजाडताच बंद पडणार होती आणि विकतची नवी प्रणाली परवडण्यासारखी नव्हती. तेव्हा त्यांनी एका स्थानिक संस्थेकडून स्वतःची प्रणाली करून घेतली, २००० च्या प्रारंभी ती वापरात आणली आणि जगातल्या कोणालाही फुकट घेता येईल, बदलता येईल अशा परवान्याखाली खुली केली. ‘कोहा’ हा माओरी भाषेतला शब्द आहे. त्याचा अर्थ देणगी, आणि तीही परतफेडीची जाणीव ठेवून द्यायची-घ्यायची देणगी. पुढे एका अमेरिकी कंपनीने हेच नाव न्यूझीलंडमध्ये आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवू पाहिले, तेव्हा ज्यांनी ते नाव दिले त्यांना स्वतःच्याच नावासाठी झगडावे लागले. ते झगडले आणि नाव राखले. गरिबांच्या ग्रंथालयाला चांगली यंत्रणा परवडत नाही, हे म्हणणे तेव्हापासून खरे राहिलेले नाही. प्रणाली फुकट मिळते. ती चालवणारा प्रशिक्षित माणूस मात्र फुकट मिळत नाही, हेही त्याच वेळी लक्षात ठेवले पाहिजे.

कोणतीही प्रणाली घ्या, तिच्या पोटात रकाने असतात. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९६० च्या दशकात हेन्रिएट अव्रम या विदुषीने ग्रंथनोंद यंत्राला वाचता यावी म्हणून एक आराखडा तयार केला. त्याला ‘मार्क’ म्हणतात. त्यात प्रत्येक माहितीला क्रमांकाची जागा आहे : १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये ग्रंथनाम, ६५० मध्ये ठरावीक विषयशीर्षक, ८८० मध्ये मूळ लिपीतील नोंद. वाचक शोधाच्या चौकटीत शब्द घालतो तेव्हा यंत्र कपाटाकडे पाहत नाही, पुस्तक उघडत नाही. ते फक्त हे रकाने चाळते. रकान्यात जे भरले तेवढेच त्याला ठाऊक. याचा अर्थ, आपल्या ज्ञानाचा दरवाजा हा रकाने भरणाऱ्या माणसाच्या हातात आहे.

२. खण कोणी ठरवले?

रकाना भरायचा म्हणजे पुस्तक कशाविषयी आहे हे ठरवायचे. येथे प्रश्न तांत्रिक राहत नाही. मेल्विल ड्युई याने १८७६ साली सगळे ज्ञान दहा वर्गांत मांडले आणि आजही आपल्या बहुतेक ग्रंथालयांत त्याचेच दशांश आकडे पुस्तकांच्या पाठीवर चिकटवलेले असतात. त्या आकड्यांत ज्याने जग पाहिले त्याचे जगही आहे.

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर या कृष्णवर्णीय ग्रंथपाल १९३० पासून १९७३ पर्यंत निग्रो इतिहासाचा संग्रह सांभाळत होत्या. इतर ग्रंथालये काळ्या लेखकांची पुस्तके कशी लावतात याची त्यांनी चौकशी केली. तेव्हा आढळले की, काळ्या माणसाने लिहिले आहे एवढ्या कारणावरून पुस्तक ३२५ किंवा ३२६ या क्रमांकाखाली जाते. ३२५ म्हणजे वसाहत आणि ३२६ म्हणजे गुलामगिरी. कवितासंग्रह असला तरी तोच खण! काळा माणूस कवी असू शकतो, तत्त्वज्ञ असू शकतो, ही शक्यताच त्या आकड्यांत धरलेली नव्हती. पोर्टरबाईंनी ते आकडे झुगारले आणि कविता कवितेत, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात अशी मांडणी स्वतः केली. कोणतीही घोषणा न देता केलेला हा विद्रोह होता.

आपल्याकडे काय आहे? दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. ते कुठे ठेवायचे? मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६ आहे, चरित्राचा ९२० आहे आणि समाजगटांचा ३०५ आहे. मी पाहिलेल्या ग्रंथालयांपैकी एकात ते कादंबऱ्यांत होते, एकात चरित्रांत आणि एकात समाजशास्त्रात, ‘मागासवर्गीय समस्या’ या पाटीखाली. पुस्तक एका वेळी एकाच फळीवर बसू शकते, हे मान्य. पण एखाद्या प्रस्थापित लेखकाचे आत्मचरित्र साहित्यात आणि आपल्या माणसाचे आत्मकथन ‘समस्ये’त, हा फरक फळीच्या अडचणीतून आलेला नाही.

विषयशीर्षकांचेही तेच. लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकांची यादी जगभर वापरली जाते. तिच्यात आपल्यासाठी पूर्वी ‘अनटचेबल्स’ हे शीर्षक होते. चळवळीने स्वतःला दिलेले ‘दलित’ हे नाव नंतर तेथे आले. १९७१ साली सॅनफर्ड बर्मन या अमेरिकी ग्रंथपालाने या यादीतील पूर्वग्रहांवर एक ग्रंथच लिहिला होता आणि त्यानंतर तिच्यातली अनेक शीर्षके एकेक करून बदलली गेली. याद्या दगडावर कोरलेल्या नसतात. त्या माणसांनी केलेल्या असतात आणि माणसांनी रेटा दिला की बदलतात.

यादी बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. संगणकाने एक सोय दिली आहे. फळी एक असली तरी नोंदीला विषय कितीही देता येतात. ‘मार्क’मध्ये ६५३ क्रमांकाचा रकाना मोकळ्या शब्दांसाठीच आहे. तेथे कोणत्याही यादीची परवानगी लागत नाही. ‘जलसा’, ‘आत्मकथन’, ‘धम्मदीक्षा’, ‘महारवतन’, ‘नामांतर’, ‘वेठ’, ‘पोतराज’ हे आपले शब्द त्या रकान्यात घालता येतात. ‘बलुतं’ कोणत्याही फळीवर असो, ‘आत्मकथन’ या शब्दाने ते सापडले पाहिजे. हा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा असतो, कारण त्यात काय भरावे हे सांगणारा माणूस त्या टेबलापाशी नसतो.

३. लिपीचा अडसर

शब्द ठरले तरी ते कोणत्या लिपीत घालायचे हा पुढचा प्रश्न. आमच्या ग्रंथालयात अनेक मराठी पुस्तके रोमन अक्षरांत नोंदलेली आहेत, कारण ज्या काळी नोंदणी झाली तेव्हा त्या यंत्रावर मराठी उमटत नव्हते. ‘वामन’ लिहिताना एका कारकुनाने ‘व्ही’ वापरला, दुसऱ्याने ‘डब्ल्यू’. वामनदादा कर्डकांची पुस्तके त्यामुळे दोन माणसांची झाली.

काही ठिकाणी मराठी उमटते, पण ते जुन्या फाँटमधले. या जुन्या फाँटची गंमत अशी की, पडद्यावर ‘दलित’ दिसत असले तरी यंत्रात साठवलेली असतात रोमन चिन्हे. फाँट बदलला, यंत्र बदलले, की तेथे निरर्थक खुणा उरतात. शोधयंत्राला तर तो शब्द कधीच मराठी वाटलेला नसतो. १९९१ साली युनिकोड ही जागतिक संकेतपद्धती आली आणि पहिल्यापासून तिच्यात देवनागरीला स्वतंत्र स्थान आहे. युनिकोडमध्ये लिहिलेले ‘दलित’ जगातल्या कोणत्याही यंत्रावर ‘दलित’च राहते. म्हणून मराठी नोंद युनिकोड देवनागरीतच झाली पाहिजे हा आग्रह सोडता कामा नये. जुन्या फाँटमधील मजकूर बदलून घेण्याची साधने उपलब्ध आहेत. काम कंटाळवाणे आहे, पण अशक्य नाही.

युनिकोडने सगळे सुटते असेही नाही. ‘अण्णा भाऊ साठे’ आणि ‘अण्णाभाऊ साठे’ ही यंत्राला दोन माणसे वाटतात, आणि त्यांचे मूळ नाव तुकाराम असे कोणी नोंदवले तर तिसरा माणूस तयार होतो. बाबासाहेबांची तर किती रूपे : आंबेडकर बी. आर., आंबेडकर भीमराव रामजी, आंबेडकर बाबासाहेब, डॉ. आंबेडकर. याला उपाय जुनाच आहे. एक नाव अधिकृत ठरवायचे आणि बाकीची रूपे त्याला जोडून ठेवायची. ग्रंथालयशास्त्रात याला नामाधिकार नोंद म्हणतात. ती एकदा केली की वाचकाने कोणतेही रूप घातले तरी यंत्र त्याला एकाच माणसाकडे नेते.

जुन्या छपाईचा प्रश्न आणखी निराळा. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले त्या काळातले मराठी ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वारांनी भरलेले आहे. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी असे अनुच्चारित अनुस्वार गेले. आजचा विद्यार्थी ‘नाही’ शोधतो आणि जुन्या पानावरचे ‘नाहीं’ त्याला भेटत नाही. म्हणून मजकूर मूळ छपाईप्रमाणेच ठेवावा, पण नोंदीत आजच्या लेखनातले शब्दही द्यावेत. आपला मजकूर शुद्ध करण्याच्या नादात बदलून टाकणे हे तर अजिबात करू नये. शाहिराने ‘जल्म’ लिहिले असेल तर ते ‘जन्म’ करण्याचा अधिकार टंकलेखकाला नाही.

४. छायाचित्र म्हणजे संग्रह नव्हे

आता गावोगावी तरुण कार्यकर्ते मोबाइलवर जुन्या अंकांची छायाचित्रे काढतात, त्यांची पीडीएफ करतात आणि एकमेकांना पाठवतात. या धडपडीविषयी मला आदर आहे. पण सहा महिन्यांनी त्या फायलीचे नाव असते ‘स्कॅन ००१७’, ती कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असते आणि तिचा साल, संपादक, गाव यांपैकी काहीच कोणाला आठवत नाही. पेटीतला गठ्ठा मोबाइलमध्ये आला, एवढाच फरक पडला.

छायाचित्रात अक्षरे दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ती अक्षरे नसतात, काळे-पांढरे ठिपके असतात. त्या ठिपक्यांतून अक्षरे ओळखण्याची तंत्रे आहेत. ‘टेसरॅक्ट’ नावाचे फुकट मिळणारे साधन मराठीही वाचते. स्वच्छ आधुनिक छपाईवर ते बरे चालते. पण शिरोरेषा तुटलेली, खिळे झिजलेले, शाई पसरलेली, कागद पिवळा पडलेला असला की ते अडखळते, आणि आपले बहुतेक साहित्य नेमके असेच छापलेले आहे. चांगल्या कागदाला पैसे कोणाकडे होते? म्हणून यंत्राने वाचल्यावर माणसाने मुद्रिते तपासावी लागतात. ते होत नाही तोवर निदान नोंद तरी नीट असावी.

नोंद साधीच असते. १९९५ साली अमेरिकेतील डब्लिन गावी भरलेल्या एका बैठकीतून ‘डब्लिन कोअर’ या नावाने पंधरा घटकांची यादी पुढे आली. शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, दिनांक, भाषा, मूळ स्रोत, हक्क वगैरे. एखादा शाळामास्तर अर्ध्या तासात ती शिकू शकतो. ‘डी-स्पेस’ ही २००२ साली खुली झालेली संग्रहप्रणाली याच पद्धतीच्या नोंदींवर चालते आणि तीही विनामूल्य आहे.

पण नोंद किती खोल जाते याला फार महत्त्व आहे. महात्मा फुल्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांगमहारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. आता समजा, एखाद्या ग्रंथालयात त्या वर्षाचे ‘ज्ञानोदय’ आहे. तालिकेत नोंद काय असेल? ‘ज्ञानोदय, १८५५.’ नियतकालिकाचे नाव आहे, वर्ष आहे, मुक्ता नाही. तिला शोधायचे तर ती तेथे आहे हे आधीच ठाऊक असावे लागते! आपले पुष्कळ लेखन असेच आहे : नियतकालिकांत, स्मरणिकांत, विशेषांकांत विखुरलेले. त्यासाठी अंकाची नव्हे, अंकातल्या प्रत्येक लेखाची नोंद करावी लागते. ग्रंथालयशास्त्र तिला विश्लेषक नोंद म्हणते. ती करायला वेळ लागतो म्हणून ती टाळली जाते, आणि ज्यांचे ग्रंथ झाले नाहीत ते लेखक त्यामुळे इतिहासातून गळतात.

विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’वर येतात हे चांगलेच झाले. आपल्या घराण्यातले पहिले पदवीधर असलेल्या कितीतरी संशोधकांचे काम तेथे आहे. मात्र अनेक मराठी प्रबंध तेथे नुसत्या छायाचित्रांच्या रूपात आहेत, आत काय आहे ते शब्दाने शोधता येत नाही. प्रबंध सादर करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने मूळ युनिकोड मजकुरावरून केलेली पीडीएफ द्यावी आणि विषयशब्द स्वतः विचार करून लिहावेत, एवढे मार्गदर्शकांनी पाहिले तरी पुढच्यांची वाट सोपी होईल.

५. एकाच गलबतात सगळे ठेवू नये

१९१७ साली बाबासाहेब विलायतेहून परतले. त्यांचे सामान आणि पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती आणि ती बोट पाणतीराने बुडाली. अर्धपोटी राहून जमवलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. पुढे त्यांच्या महानिर्वाणानंतर त्यांची हस्तलिखिते वर्षानुवर्षे पेट्यांत बंद राहिली. वसंत मून यांच्या चिकाटीने ती बाहेर आली आणि १९७९ पासून शासनाच्या वतीने ग्रंथरूपाने येऊ लागली. एकच प्रत, एकच जागा, हा धोका आपल्या इतिहासाला नवा नाही.

डिजिटल झाले म्हणजे अमर झाले, हा समज खुळा आहे. या शतकाच्या आरंभी ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या उपक्रमात लाखो भारतीय पुस्तकांची छायाचित्रे निघाली. पुढे ते संकेतस्थळ बंद झाले. त्यातली पुष्कळ पुस्तके इंटरनेट आर्काइव्हवर उतरवून ठेवलेली होती म्हणून आज मिळतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांनी संगणकी हल्ला केला आणि जगातल्या त्या बलाढ्य ग्रंथालयाची तालिका जानेवारी २०२४ पर्यंत वाचकांना दिसत नव्हती. पुस्तके कपाटात जागच्या जागी होती, पण नोंद गेली म्हणून ती सापडत नव्हती. ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द इंटरनेट आर्काइव्हही असाच काही दिवस बंद पडला. तात्पर्य, प्रती निदान तीन हव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर हव्यात आणि एक तरी दुसऱ्या गावी हवी. दर सहा महिन्यांनी त्या उघडून पाहिल्या पाहिजेत. मूळ कागद फेकू नये, हे तर सांगायलाच नको.

हक्कांचेही भान ठेवावे. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. त्या हिशेबाने बाबासाहेबांनी स्वतः प्रसिद्ध केलेले लेखन २०१७ पासून सर्वांना खुले झाले. अण्णा भाऊ १९६९ साली गेले. त्यांचे साहित्य २०२९ अखेरपर्यंत हक्काधीन आहे. लेखकाचे नाव नसलेल्या पुस्तिकेची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने विना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याजवळ असलेल्या ग्रंथाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. जतन करणे आणि जगापुढे ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेथे हक्क शिल्लक आहे तेथे लेखकाच्या घरी जावे, लेखी परवानगी घ्यावी. शाहिराच्या म्हाताऱ्या विधवेला न विचारता तिच्या नवऱ्याची गाणी वाटणे, हे काम चळवळीच्या नावाने केले तरी शोभत नाही.

काही कागद जतन करावेत, पण उघडे करू नयेत. अत्याचाराच्या प्रकरणातल्या फिर्यादी, जबान्या, पंचनामे कार्यकर्त्यांच्या घरी असतात. ते इतिहासाचे पुरावे आहेत. पण त्यांतली माणसे त्याच गावात राहतात. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा तर कायद्यानेच गुन्हा आहे. कोणता कागद कोणी पाहावा हे ठरवण्याची सोय प्रणालीत असते. ती डोके ठेवून वापरली पाहिजे.

६. करायचे काय?

वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, असे रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. ज्याच्या घरी पुस्तके नाहीत, ज्याला दुपारी मजुरीला जायचे आहे, त्याचा वेळ सगळ्यांत मोलाचा आहे. हे ध्यानात घेऊन काही गोष्टी आपल्याला लगेच करता येतील. शिक्षकांनी आपल्या ग्रंथालय समितीत बसावे आणि नोंदींकडे लक्ष द्यावे. तेथे केवळ खरेदीची यादी मंजूर करून उठू नये. विद्यार्थ्यांनी जे सापडले नाही त्याची लेखी मागणी द्यावी, कारण मागणीचा कागदही पुरावा असतो. कार्यकर्त्यांनी पेटी ग्रंथालयाला देताना सोबत यादी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. संघटनांनी कंत्राटी ग्रंथपालांच्या नेमणुकीचा प्रश्न स्वतःचा मानावा. दरवर्षी बदलणाऱ्या माणसाकडून शंभर वर्षे टिकणारी नोंद होत नसते.

आमच्या एकेचाळीस पुस्तिकांचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. ती विद्यार्थिनी, तिच्या दोन मैत्रिणी, ग्रंथपाल आणि मी, असे आम्ही चार रविवार बसलो. प्रत्येक पुस्तिकेची वेगळी नोंद देवनागरीत केली. विषय काय द्यावा यावर कडाक्याचे वाद झाले. ‘वग’ आणि ‘जलसा’ एकच का, यावर तर एक अख्खी दुपार गेली. एका पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर देणगीदारांची यादी होती : नाव, गाव आणि रक्कम, चार आणे, आठ आणे, एक रुपया. त्यांतली गावे आम्ही नोंदीत घेतली. त्यात एक गाव त्या मुलीचे निघाले. तिच्या गावातून सात जणांनी मिळून पावणेतीन रुपये दिले होते. नावे तिने घरी वाचून दाखवली, तेव्हा त्यांतल्या एकाचे घर अजून कोठे आहे ते तिच्या आजीने सांगितले. मुलगी आता तिकडे मुलाखत घ्यायला जाणार आहे.

ग्रंथालयातल्या त्या संगणकावर ‘जलसा’ हा शब्द घातला तर आता उत्तर येते : एकोणीस नोंदी.